आतले नाव, बाहेरचे नाव

बेळगावात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक जुने वाचनालय आहे. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही; पुढील हकीकतीत त्याचा दोष काही नाही, आणि जो आहे तो सर्वस्वी आमचा आहे. मराठीच्या निवृत्त शिक्षकाला गावात दोनच कामे मिळतात. व्याख्यानमालेत आभार मानण्याचे, नाहीतर वाचनालयाची पुस्तकयादी सांभाळण्याचे. आमच्या वाट्यास दुसरे आले.

ही यादी म्हणजे लाकडी खणांत उभी लावलेली दहा-बारा हजार कार्डे. काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, काहींवर तीन पिढ्यांच्या ग्रंथपालांची तीन वळणांची अक्षरे. आमची नात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना मे महिन्याच्या सुट्टीत घरी आली, एक दिवस आमच्याबरोबर वाचनालयात बसली आणि म्हणाली, "आजोबा, हे सगळं मी संगणकावर घालून देते." दोन सुट्ट्यांत तिने ते केलेही. मग तिला बंगळूरला नोकरी लागली. तिने लिहिलेली आज्ञावली वर्षभर बिनतक्रार चालली. पुढे कार्यकारिणीने ठराव केला, की बालविभागातील पुस्तके सात दिवसांऐवजी पंधरा दिवस द्यावीत. एवढा एक आकडा बदलायचा होता. आम्ही नातीला दूरध्वनी केला. ती कामाच्या गर्दीत असावी. म्हणाली, "तुम्हीच बदला ना. जावा आहे. ज्याने चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं त्याला त्यात अवघड काही नाही."

अशा रीतीने वयाच्या शहात्तराव्या वर्षी आम्ही जावा या भाषेची सोर्स फाइल प्रथम उघडली.

आमची कल्पना अशी होती, की आत काही गूढ चिन्हांचे जंजाळ असेल. प्रत्यक्षात निघाला तो साधा मजकूर, अगदी पोस्टकार्डाइतका साधा. ठळक अक्षरे नाहीत, रंग नाहीत, चित्र नाही. नोटपॅडसारख्या सर्वांत गरीब साधनानेही ती फाइल उघडते, वाचता येते, खोडता येते. नातीच्या पडद्यावर शब्द निळे-हिरवे दिसत. ते रंग तिच्या संपादकसाधनाने चढवलेले होते, फाइलीत त्यांचा मागमूसही नव्हता. वाक्याच्या शेवटी अर्धविराम, आणि एकत्र नांदणाऱ्या वाक्यांभोवती महिरपी कंस. ओळी आत सरकवून पायऱ्यापायऱ्यांनी लिहिलेल्या होत्या. त्या पायऱ्या यंत्राला लागत नाहीत, सगळा मजकूर एका ओळीत कोंबला तरी त्याचे काही बिघडत नाही, हे कळल्यावर आमचे मन थोडे निवले. म्हणजे त्या केवळ माणसाच्या डोळ्यांसाठी होत्या. यंत्रासाठी लिहिलेल्या कागदावर माणसाची एवढी काळजी घेतलेली असेल, असे आम्हांस वाटले नव्हते.

फाइलीची पहिली ओळ 'पॅकेज' या शब्दाने सुरू होत होती. पुढे टिंबांनी जोडलेली तीन नावे. हा त्या फाइलीचा पत्ता. प्रत्येक टिंब म्हणजे कपाटातला एक खण, खणातला दुसरा खण. आणि फाइल खरोखरच त्या खणांच्या उतरंडीत ठेवलेली असावी लागते. पत्ता एक आणि कपाट दुसरे झाले, तर यंत्राला ती वस्तू शोधूनही सापडत नाही. त्यातही गंमत अशी, की हा पत्ता वस्तूच्या पूर्ण नावाचाच भाग असतो. खण बदलला की पूर्ण नाव बदलले. मग आतील एक अक्षरही न बदललेले का असेना.

या ओळीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. आमचे घर शहापुरात. १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होते, आणि लगतचे बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. त्यानंतर दोन्ही मुंबई राज्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेली. १९७३ त त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर गावाचे नाव बेळगावी झाले. घर जागचे तसूभरही हलले नाही. तीच तुळस, तोच आड, तोच पावसाळ्यात फुगणारा दरवाजा. वरची ओळ मात्र चार वेळा बदलली, आणि दर बदलाबरोबर पूर्ण नावही.

पत्त्याच्या ओळीखाली 'इम्पोर्ट' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी होत्या. शब्दावरून वाटले, की येथे बाहेरून काही माल आणला जातो. तसे काही नाही. इम्पोर्ट म्हणजे निव्वळ ओळख करून देणे. आम्ही घरात नुसते 'मामा' म्हटले, की ते धारवाडचे, हे सर्वांना ठाऊक असते. पण दुसरे एक मामा इंदूरला आहेत, त्यांच्याविषयी बोलायचे तर गाव सांगावे लागते. जावातही 'डेट' नावाच्या वस्तू दोन आहेत, एक सर्वसाधारण उपयोगाच्या खणात आणि दुसरी माहितीसाठ्याच्या खणात. फाइलीच्या आरंभी एकदा सांगून टाकायचे, की या फाइलीत डेट म्हणजे अमुक खणातली. पुढे नुसते डेट म्हटले की पुरे. अगदी रोजच्या वापरातल्या वस्तूंची मात्र अशी ओळख करून द्यावी लागत नाही. मजकुराची 'स्ट्रिंग' ही त्यांतली एक. ती 'लँग' नावाच्या खणात राहते आणि तो खण प्रत्येक फाइलीला आपोआप उघडा असतो. घरच्या माणसाची ओळख कोण करून देतो?

त्यानंतर मुख्य प्रकरण. 'पब्लिक क्लास', पुढे नाव, मग महिरपी कंस. कंसाच्या पोटात सर्व काही.

वस्तुकेंद्री म्हणतात त्या भाषांचे मर्म या एका शब्दात आहे. क्लास म्हणजे वर्ग. आणि आमच्या खणांतील कोरे छापील कार्ड डोळ्यांपुढे ठेवले तर तो चटकन समजतो. कोऱ्या कार्डावर ग्रंथाचे नाव, ग्रंथकर्ता, दाखल अंक यांसाठी जागा सोडलेल्या असतात. कोरे कार्ड स्वतः कोणतेच पुस्तक नसते. ते भरले म्हणजे एक पुस्तक झाले, दुसरे भरले म्हणजे दुसरे. भरलेले कार्ड ती वस्तू. मात्र आमची कार्डे मुकी होती. जावातल्या कार्डाला कामेही येतात. 'तू कोणाकडे आहेस?' असे विचारता येते, 'तुला परत कधी यायचे?' असे विचारता येते, आणि ते हिशेब करून उत्तर देते. माहिती आणि तिची कामे एकाच कंसात नांदवण्याची ही कल्पना नॉर्वेतील. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन नीगोर या दोघांनी 'सिम्युला ६७' या भाषेत ती मांडली. जहाजे, कारखाने, रांगा यांची नक्कल यंत्रात उभी करताना त्यांना असे वाटले, की प्रत्येक जहाजाने आपली माहिती आपल्याजवळ बाळगावी हे बरे.

आम्हांस बदलायचा होता तो आकडा याच कंसात सापडला. त्याच्यामागे 'प्रायव्हेट' हा शब्द होता. अर्थ असा, की या खणाला बाहेरून हात लावता येणार नाही. काय विचारायचे ते कार्डाला विचारा, ते सांगेल. पूर्वी आमच्याकडे परतीच्या तारखा जो तो आपल्या पेन्सिलीने खोडून लांबवीत असे, त्या दिवसांची आठवण होऊन या शब्दाविषयी आम्हांस आदर वाटला. सातचे पंधरा केले. एकाच जागी केले आणि बालविभागातील प्रत्येक पुस्तकाला ते लागू झाले. नंतर रबरी शिक्का मारावा तशा समाधानाने फाइल मिटली.

येथेच थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण वर्गाचे नाव आम्हांला खुपू लागले होते. नातीने ते रोमन अक्षरांत 'पुस्तक' असे लिहिले होते. शब्द मराठी, पोशाख परका. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेल्या हाताला ते बघवेना. आम्ही ते नाव खोडले आणि देवनागरीत 'पुस्तक' लिहिले.

ही धिटाई निराधार नव्हती. जावा ही अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून घडवलेली भाषा. तिचे आधीचे नाव ओक. गॉस्लिंग यांच्या कचेरीबाहेरच्या झाडावरून ठेवलेले. ते नाव दुसऱ्या कोणाच्या मालकीचे निघाल्याने कॉफीवरून जावा हे नाव आले, आणि १९९५ त ती जगापुढे मांडली गेली. त्याच सुमारास सर्व लिप्यांना एका कोष्टकात बसवणारे युनिकोड नुकतेच तयार झाले होते; १९९१ त त्याचा पहिला खंड निघाला आणि त्यात देवनागरी आली ती भारताच्या इस्की या संकेताच्या मांडणीने. जावाने आरंभापासून असा नेम केला, की सोर्स फाइलीतील मजकूर युनिकोडमध्ये वाचावा. 'क्लास', 'पब्लिक' असे पन्नासेक राखीव शब्द रोमनच राहतात, ते कोणालाही बदलता येत नाहीत. पण आपण ज्या वस्तूंना नावे देतो, ती नावे जगातील कोणत्याही लिपीत देता येतात. ही गोष्ट आम्ही एका पुस्तकात वाचली तेव्हा दुसऱ्याच्या घरात आपल्यासाठी एक खुंटी राखून ठेवल्यासारखे वाटले.

नाव बदलून फाइल जतन केली आणि संकलकाच्या हवाली केली. संकलक म्हणजे मनुष्याने लिहिलेला मजकूर तपासून यंत्राच्या सोयीच्या रूपात उतरवणारा कारकून. तो सोर्स फाइलीपासून दुसरी फाइल तयार करतो. तिला क्लास फाइल म्हणतात. त्या दुसऱ्या फाइलीचे पहिले चार अंकगट सोळांच्या मापाने लिहिले, तर 'कॅफे बेब' अशी अक्षरे उमटतात. कॉफीवाल्या मंडळींचा हा विनोद जगातील प्रत्येक जावा-वर्गाच्या कपाळावर आहे. कारकुनाने आमची फाइल मात्र परत केली. म्हणाला, या नावाचा वर्ग पब्लिक आहे, तर तो याच नावाच्या फाइलीत घोषित झाला पाहिजे.

चूक उघड होती. आतले नाव आम्ही बदलले होते, फाइलीचे बाहेरचे नाव रोमनच राहिले होते. जावाच्या संकलकाचा हा दंडक आहे, की जो वर्ग पब्लिक, म्हणजे सर्वांना खुला, त्याचे नाव आणि फाइलीचे नाव एकच असावे. पुढे टिंब आणि 'जावा' ही चार रोमन अक्षरे. अशा वर्गांपैकी एका फाइलीत एकच असावा. बाकीचे खासगी वर्ग त्याच घरात कितीही राहोत, पाटीवर नाव एकाचेच. लहानमोठे रोमन अक्षर चुकले तरी चालत नाही. सी प्लस प्लस या भाषेत असा नेम नाही. तेथे फाइलीस वाटेल ते नाव द्यावे. आम्हांस जावाचा नेम पसंत पडला. दारावरची पाटी वाचून आत कोण आहे हे कळावे, ही अपेक्षा गैर नाही.

पण तो निरोप वाचताना आम्हांस दुसरा एक कारकून आठवला.

आमचे थोरले बंधू २०१९ साली वारले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. वडिलांनी ठेवलेले नाव कृष्णाजी. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी कृष्णा लिहिले. शेताच्या कन्नड उताऱ्यात ते कृष्णप्पा झाले. आणि बँकेत एका रोमन अक्षरापुढे टिंब देऊन त्यांचे काम भागले. आमच्या सीमाभागात यात नवल नाही. गोव्यातील वाचकांना तर आणखी निराळे अनुभव असतील. आमच्या मडगावच्या मावशींच्या घरी पोर्तुगीज अमदानीतले कागद आहेत. त्यांत 'नाईक' या आडनावातील शेवटच्या 'क'साठी तीन अक्षरे खर्ची पडली आहेत. हयातभर या चार नावांनी अण्णांचे काही अडवले नाही. ते गेल्यावर वारसाची नोंद करायला वहिनी कचेरीत गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की ही चार माणसे आहेत. हे चौघे एकच, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी केले. त्यावर साक्षीदार आणा म्हणाले. साक्षीदार नेले, तर त्यांपैकी एकाच्या नावात फरक निघाला. कोणत्या कागदावर काय दुरुस्त केले म्हणजे पुरे होईल, हे त्यांना एकदाही कोणी सांगितले नाही. तीन वर्षांनी नोंद झाली. उतारा हाती आला त्या वेळी तो घ्यायला वहिनी नव्हत्या.

जावाचा संकलक त्या कचेरीइतकाच कठोर आहे. पण तो कितव्या ओळीत चुकले ते सांगतो, कोणते नाव कोणत्या नावाशी जुळत नाही ते सांगतो, आणि चूक सुधारून पुन्हा गेले तर मागचे काही मनात ठेवत नाही.

असो. फाइलीचे नाव बदलले. तरीही तक्रारी संपेनात. उलट पडदाभर झाल्या. जेथे आम्ही 'प' लिहिला होता तेथे यंत्राला तीन परकी चिन्हे दिसत होती. त्यांतले पहिले डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए', पोर्तुगीज कागदात शोभावे असे. रात्री नातीला विचारले. ती हसली. म्हणाली, "वाचनालयातला जावा जुना आहे, आजोबा. तुम्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवलीत, त्यात देवनागरीच्या एका अक्षराला तीन घरं लागतात. आणि तो संकलक ती तीन वेगळी अक्षरं समजून वाचायलाय." मार्च २०२२ मध्ये निघालेल्या अठराव्या आवृत्तीपूर्वी असेच होते, लिपिसंकेत स्पष्ट सांगितला नाही तर संकलक त्या यंत्राच्या स्थानिक सवयीने वाचे. अठराव्यापासून यूटीएफ-८ हीच सवय ठरली. तिने सांगितलेला एक शब्द आज्ञेत वाढवला आणि फाइल मान्य झाली.

त्या रात्री आम्ही एक ओळ लिहिली, ती आजही आठवली की हसू येते. वर्गाचे नाव पुस्तक, त्याच्या एका वस्तूला ठेवलेले नाव पुस्तक, आणि बरोबर चिन्हापुढे 'न्यू पुस्तक'. रोमन लिपीत वर्गाचे नाव मोठ्या अक्षराने आणि वस्तूचे लहान अक्षराने सुरू करण्याचा संकेत आहे, त्यामुळे दोघे वेगळे ओळखू येतात. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाहीच. संकलकाने ती ओळ निमूटपणे स्वीकारली, कारण तिन्ही शब्दांची कामे त्याला जागेवरून कळतात. वाचणाऱ्याचे काय होईल, हा विचार आमच्या मनात तेव्हा आला नाही.

तो आला पुढच्या आठवड्यात. यश मिळाल्याने आम्ही उरलेल्या नावांनाही हात घातला होता. पुस्तक घेऊन जाणाऱ्याचे नाव ज्या जागी साठवायचे, तिला 'घेणाऱ्याचे_नाव' म्हटले. नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून मध्ये खालची रेघ. हे नाव फाइलीत सहा ठिकाणी होते. दोन ठिकाणी आम्ही आमच्याच एका जुन्या टिपणातून उचलून डकवले, चार ठिकाणी नव्याने टंकले. संकलक म्हणाला, असे नाव मला सापडत नाही. आम्ही दोन्ही नावे एकाखाली एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. भिंग घेतले. जन्मभर शुद्धलेखन तपासलेल्या आमच्या डोळ्यांना फरक दिसेना.

दोष आमच्या लाडक्या अर्ध्या 'र'त होता. 'सुऱ्या', 'तऱ्हा', 'शेतकऱ्याला' यांतील ती आडवी वेलांटीसारखी रेघ संगणकावर दोन रीतींनी काढता येते. एक, युनिकोडच्या कोष्टकातील नुक्त्याच्या 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून. दुसरी, साधा 'र', त्याला हलन्त, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही एकच. संकलकाच्या लेखी दोन वेगळी नावे, कारण मुळात अक्षरेच वेगळी. विशेष म्हणजे कोष्टकात तो 'ऱ' द्राविडी भाषांतील एका 'र'च्या लिप्यंतरासाठी म्हणून नोंदला आहे, आणि त्याच्याच अर्ध्या रूपाला मराठीची ती रेघ दिलेली आहे. मराठी-कानडीच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाने हे वाचून काय म्हणावे? आम्ही तर त्या अक्षराला मनोमन नमस्कार केला.

याहून मौज पुढे आहे. जावाच्या नियमात ते अदृश्य जोडचिन्ह नावे ताडताना हिशेबातच धरत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या रीतीने लिहिलेला 'आचाऱ्यास' आणि विद्वान 'आचार्यास' हे संकलकाला एकच नाव वाटते. हा फरक मुलांना समजावताना आमची हयात गेली. स्वयंपाक्याला दक्षिणा आणि गुरूला सुपारीचा बटवा द्यायला या यंत्राची हरकत नाही. दिसायला एक ते वेगळे, आणि दिसायला वेगळे ते एक. आतल्या आणि बाहेरच्या नावाची ही तऱ्हा पाहून आम्ही त्या रात्री संगणक बंद केला.

दिवाळीला नात आली. तिने आमचा पराक्रम वाचला. रागावली नाही, पण म्हणाली, "आजोबा, तुमच्यानंतर ही फाइल कोण उघडणार?" प्रश्न बरोबर होता, म्हणून झोंबला. वाचनालयात आता एक तरुण मदतीला येतो. घरची भाषा कन्नड; देवनागरी तो शाळेतल्या हिंदीमुळे वाचतो, पण देवनागरी टंकलेखन त्याला येत नाही. त्याला एक नाव बदलायचे झाले तर तो अडेल. आम्ही म्हणालो, मराठी पुस्तकांच्या यादीच्या पोटात मराठी नाव असू नये? ती म्हणाली, "असावं की. पण नाव ज्याला हाक मारायची त्याच्यासाठी असतं." वाद तासभर चालला. तिचे सगळेच आम्हांस पटले असे नाही. रोमन लिपीतील 'घेणाऱ्याचे' हा शब्द कसा दिसतो हे ज्याला बघायचे असेल त्याने बघावे. पण अण्णांचे कागद आम्ही घरातच पाहिले होते. दिसायला एक आणि मुळात दोन, असे नाव मागे ठेवून जाण्याची आम्हांस छाती झाली नाही. 'पुस्तक' तेवढे देवनागरीत ठेवायचे, त्यात घोटाळ्याला जागा नाही. बाकीची नावे पुन्हा रोमन. असा तह झाला.

जाताना तिने आणखी एक बातमी दिली. सप्टेंबर २०२५ च्या पंचविसाव्या आवृत्तीपासून नवशिक्याच्या छोट्या फाइलीत वर्ग घोषित करण्याचीही गरज उरली नाही. आरंभाची ती 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' ही लांबलचक ललकारीही गळाली. नुसते 'व्हॉइड मेन' म्हटले की यंत्र चालू लागते. वर्ग पाठीमागे असतो, पण त्याला हाक मारता येत नाही. सोय आहे खरी. आम्हांस मात्र त्या जुन्या ललकारीतील एकेक शब्दाचा अर्थ मोठ्या कष्टाने कळला होता. 'पब्लिक' म्हणजे बाहेरच्याला खुले, 'स्टॅटिक' म्हणजे वस्तू घडण्याआधीही हाक मारता येणारे, 'व्हॉइड' म्हणजे परत काही न देणारे. ती जावी याची थोडी हळहळ वाटली.

एक गोष्ट सांगायची राहिली. सोर्स फाइलीत दोन तिरप्या रेघांपुढे जे लिहावे, ते ओळ संपेपर्यंत संकलक वाचत नाही. टिपण म्हणून सोडून देतो; क्लास फाइलीत ते उतरतही नाही. तेथे लिपीचे, शुद्धलेखनाचे, कसलेच बंधन नाही. सगळ्या फाइलीत आमच्यासारख्या माणसाला मोकळेपणाने बसता येईल असा तेवढाच कट्टा. नातीची टिपणे बहुधा कामापुरती होती. पण दंडाचा हिशेब जेथे आहे, तेथे तिने विद्यार्थिदशेत मराठीत एक ओळ लिहून ठेवलेली आढळली: 'पावसाळ्यात आजोबा दंड घेत नाहीत. नियम काय ते विचारायचे.'

ती विचारायची विसरली होती, आणि आम्ही ते कधी कोणास बोललो नव्हतो. बेळगावच्या आषाढात चार मैलांवरून छत्री सावरत पुस्तक परत करायला आलेल्या माणसापुढे पावतीपुस्तक काढायला हात धजत नाही, इतकेच.

त्या तरुणाने ती ओळ अडखळत वाचली आणि विचारले, "सर, जून ते सप्टेंबर दंड शून्य असं घालू का? दोन मिनिटांचं काम आहे." आम्ही नको म्हणालो. नियम केला तर मंडळी पुस्तके ठेवून पावसाळ्याचीच वाट पाहतील. त्या ओळीखाली दोन तिरप्या रेघा काढून आम्ही आमची ओळ लिहिली: 'नियम नाही. पण घेऊ नये.'